विहिरीत सेन्सर सोडला, पुढे काय?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींवर ‘स्मार्ट’ सेन्सर बसवून पाण्याची गुणवत्ता मोबाइलवर दाखवण्याच्या योजनांच्या बातम्या आता वारंवार वाचायला मिळतात. बातमीसोबत बहुधा एक छायाचित्र असते. विहिरीच्या कठड्यालगत उभा केलेला खांब, त्यावर सौर पट्टी, खाली पांढरी पेटी आणि पेटीकडे बोट दाखवणारी दोन-चार माणसे. माझी नोकरीची सगळी वर्षे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली असल्याने माझी नजर पेटीतून निघून विहिरीत उतरणाऱ्या केबलकडे जाते. तिच्या टोकाला नेमके काय बांधले आहे, ते कोण धुतो आणि त्याने सांगितलेला आकडा वाचून कोण काय करतो, हे बातमीत सहसा नसते. या यंत्रांना माझा विरोध नाही. ती आमच्या काळात असती तर कितीतरी धावपळ वाचली असती. परंतु त्यांच्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, याची गल्लत होताना दिसते, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

‘पाण्याची गुणवत्ता मोजणारा सेन्सर’ असे आपण सैलपणे म्हणतो, पण तसा सेन्सर अस्तित्वात नाही. महिनोन्महिने पाण्यात ठेवता येतील आणि तरीही बऱ्यापैकी खरे बोलतील अशी मापे मोजकीच आहेत : तापमान, पाण्याची पातळी, सामू म्हणजे पीएच, विद्युतवाहकता, गढूळपणा आणि टाकीत क्लोरीन मिसळल्यानंतरच्या पाण्यातला शिल्लक क्लोरीन. यांपैकी विद्युतवाहकता सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून सर्वांत लोकप्रिय. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजायचे, तापमान अंशाने वाढले की ती साधारण २ टक्क्यांनी वाढते म्हणून तेवढी दुरुस्ती करायची, आणि आलेल्या आकड्याला ०.५ ते ०.७ यांमधल्या एखाद्या गुणकाने गुणून विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, सांगायचे, एवढाच हा प्रकार आहे. शुद्धीकरण यंत्र विकायला दारात आलेला माणूस ग्लासात जे पेनसारखे उपकरण बुडवतो तेही हेच काम करते. त्याच्या पडद्यावरचा आकडा खाली आला की पाहणारा सुखावतो, आणि तिथेच फसतो.

फसतो कसा, ते आर्सेनिकच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकसाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य ठरवले आहे. एखाद्या विहिरीच्या पाण्यात एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असतील, तर १० मायक्रोग्रॅम हा त्यांचा पन्नास हजारावा भाग होतो. मापनातल्या नेहमीच्या चढउतारात तो हरवून जाईल हे उघड आहे, पण अडचण तेवढ्यावर थांबत नाही. जमिनीखाली, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही अशा पाण्यात आर्सेनिक बहुतांशी ज्या रूपात असते, त्या रूपातल्या त्याच्या रेणूवर पाण्याच्या नेहमीच्या सामूला विद्युतभारच नसतो. ज्याच्यावर भार नाही तो वीज वाहून नेत नाही; म्हणजे विद्युतवाहकता मोजणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने तो पाण्यात नाहीच. यंत्र कितीही महाग घेतले तरी यात फरक पडत नाही. फ्लोराइडसाठी विशिष्ट इलेक्ट्रोड मिळतो आणि प्रयोगशाळेत तो उत्तम चालतो, परंतु प्रत्येक नमुन्यात आधी एक ठरावीक द्रावण मिसळून घ्यावे लागते. तोच इलेक्ट्रोड विहिरीत टांगून ठेवला तर त्याच्या आकड्यावर विसंबता येणार नाही. नायट्रेटचे इलेक्ट्रोड पाण्यात टांगता येतात, पण ते हळूहळू सरकतात, म्हणजे पाणी तेच राहून आकडा बदलत जातो, आणि क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात ते गोंधळतात.

जंतूंचे तर विचारूच नका. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडू नये, हा निकष जगभर मानला जातो, आणि तो तपासायचा म्हणजे नमुना पोषक द्रवात घालून उबेत ठेवायचा नि जवळपास एक दिवस थांबायचे. विष्ठेचा शिरकाव झाल्याची चाहूल अतिनील प्रकाशाने लागावी यासाठीचे सेन्सर निघाले आहेत. पाण्यावर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकला की मलमिश्रित पाण्यात आढळणारे ट्रिप्टोफॅनसारखे पदार्थ मंद चमकतात, त्या चमकेवरून अंदाज बांधला जातो. कल्पना चांगली आहे. तरीही तो अंदाजच, जंतूंची मोजणी नव्हे. खरे सांगायचे तर १९८२ मध्ये तीन भारतीय शास्त्रज्ञांनी मांडलेली हायड्रोजन सल्फाइडची साधी बाटली मला अजूनही अधिक जवळची वाटते. बाटलीत पाणी भरायचे, कोमट जागी ठेवायचे, आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी आहे, असे समजून पुढचे पाऊल उचलायचे. तिला बॅटरी लागत नाही, आणि काळी पडलेली बाटली कोणालाही दाखवता येते.

दाखवता येणे हा मुद्दा किरकोळ नाही. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून अतिसारापासून लोकांना वाचवण्यासाठी लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतूंच्या बाबतीत ते पाणी तळ्यातल्या पाण्यापेक्षा नक्कीच बरे होते. पण त्यात आर्सेनिक असल्याचे १९९३ मध्ये लक्षात आले, तोवर एक पिढी ते पाणी पिऊन मोठी झाली होती. त्यानंतर १९९९ पासून पुढच्या काही वर्षांत जवळपास ५० लाख नलिका हातातल्या साध्या चाचणी संचाने तपासण्यात आल्या, आणि त्या देशाच्या लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा आर्सेनिक जास्त निघाले की पंपाचे तोंड लाल, कमी निघाले की हिरवे रंगवण्यात आले. चाचणी संच ढोबळ होते, काही ठिकाणी निकाल चुकलेही. तरीसुद्धा पाणी भरायला आलेल्या बाईला, लिहितावाचता येत असो वा नसो, पंपावर हात ठेवण्याआधी उत्तर मिळत होते. लाल पंप सोडून शेजारच्या हिरव्या पंपावर जाणारी कुटुंबे पुष्कळ होती. आजच्या योजनांत आकडा दूरच्या कार्यालयातल्या पडद्यावर जातो आणि कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही, तेव्हा मला हा रंगाचा डबा आठवतो.

मग सेन्सर हवेत कशाला? याचे उत्तर कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावाने फार मोठी किंमत मोजून दिले आहे, आणि विहिरीच्या पाण्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ती हकिकत मुळापासून समजून घ्यावी असे मला वाटते. ऑन्टॅरिओ प्रांतातले हे पाच हजारांच्या आतबाहेर वस्तीचे शेतीप्रधान गाव. गावाला पाणी विहिरींचे. त्यातली पाच क्रमांकाची विहीर उथळ होती. जमिनीखाली पाच ते आठ मीटरवरच्या भेगाळ खडकातून तिच्यात पाणी येई. जवळच गुरांचा गोठा आणि शेणखत टाकलेले शेत होते. मे २००० मध्ये काही दिवस जोराचा पाऊस झाला, शेणातले जंतू पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरले, आणि त्यांत ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार होता. सात माणसे दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली. शेतकऱ्याचे काही चुकले नव्हते; त्याने खत रीतसर टाकले होते, असे चौकशीत नमूद झाले.

पाण्यात क्लोरीन घातला जात होता. पण क्लोरीन किती घातला यापेक्षा, जंतू आणि घाण यांच्याशी झुंजून झाल्यावर किती शिल्लक राहिला, हे महत्त्वाचे असते, कारण तोच पाणी सुरक्षित असल्याची खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सामू ८ पेक्षा कमी असलेल्या पाण्यात अर्ध्या तासानंतर लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवा. वॉकरटनमध्ये हा शिल्लक क्लोरीन रोज हाताने मोजून वहीत लिहायचा, असा नियम होता. प्रत्यक्षात कर्मचारी अनेकदा मोजतच नसत. वहीत ०.५ किंवा ०.७५ असे ठरीव आकडे भरले जात. प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचे १७ मे रोजी पाणीपुरवठा विभागाला कळवले. तरीही आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारणा केली तेव्हा पाणी ठीक असल्याचे उत्तर मिळाले. पाणी उकळून प्या, असा इशारा आरोग्य अधिकाऱ्याने अखेर स्वतःच्या अखत्यारीत २१ मे रोजी दिला. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या आयोगाने २००२ मध्ये दिलेल्या अहवालात स्पष्ट म्हटले की, त्या विहिरीवर शिल्लक क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती, तर ही साथ टळली असती.

या निष्कर्षात सेन्सरची खरी जागा सापडते. जे पाण्यात वर्षानुवर्षे एकाच प्रमाणात मुरलेले असते, म्हणजे फ्लोराइड, आर्सेनिक, क्षार, त्यासाठी दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवणाऱ्या यंत्राची गरज नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, नमुना चांगल्या प्रयोगशाळेत पाठवला तरी भागते. जे काही तासांत बदलते, आणि बदलले की त्याच दिवशी माणसे आजारी पाडू शकते, त्यावर मात्र माणसाची नजर पुरी पडत नाही. शिल्लक क्लोरीन रात्री दोन वाजता शून्यावर आला तर तो पाहायला कोणी जागे नसते. शिवाय यंत्र मनाने ०.५ लिहीत नाही. एवढ्यासाठी ते पाहिजेच.

गढूळपणाचेही तसेच. निर्जंतुकीकरण नीट व्हायचे तर पाण्याचा गढूळपणा शक्यतो १ एनटीयूच्या (एनटीयू हे गढूळपणा मोजण्याचे एकक) खाली असावा लागतो, कारण मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात आणि माती स्वतःही क्लोरीन खाते. पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीचा गढूळपणा चढणे, पातळी झपाट्याने वाढणे आणि त्याच वेळी वाहकता घसरणे, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याचा अर्थ जवळजवळ ठरलेला आहे : जमिनीत गाळून न येता वरचे पाणी थेट विहिरीत शिरते आहे. कठड्याला भेग असेल, भोवतालचा ओटा फुटला असेल, किंवा खडकातल्या फटी थेट वर उघडत असतील. तीन स्वस्त सेन्सर मिळून जंतूंविषयी असे बरेच काही सांगून जातात, जे त्यांतला एकटा सांगू शकत नाही. पण त्यासाठी त्या विहिरीची स्वतःची रीत आधी ओळखावी लागते. एका विहिरीची वाहकता ६०० असणे नेहमीचे असेल, दुसरीची १,८०० असेल. सगळीकडे एकच धोक्याची रेषा आखून चालत नाही. निदान एक पूर्ण वर्ष, सर्व ऋतूंसह, नुसती नोंद घ्यावी आणि मग इशारा कोणत्या आकड्याला वाजवायचा ते ठरवावे. पहिल्याच आठवड्यात खोटे इशारे वाजू लागले, की महिन्याभरात कोणीतरी आवाज बंद करून टाकतो, हा अनुभव आहे.

आता केबलच्या टोकाविषयी. आमच्याकडे एकदा अशी तक्रार आली की विहिरीचा गढूळपणा महिनाभर रोज थोडा थोडा वाढतो आहे, विहीर आतून ढासळत असावी. आलेखावरची रेष खरोखरच तिरकी चढत गेलेली होती. विहिरीत डोकावले तर पाणी नितळ, तळाचे दगड दिसत होते. सेन्सर वर ओढून काढला. त्याच्या तोंडाशी शर्टाच्या बटणाएवढी काचेची खिडकी असते, तीतून प्रकाश पाण्यात जातो आणि कणांवरून परतलेला प्रकाश मोजला जातो. त्या काचेवर बुळबुळीत, फिकट हिरवा थर चढला होता. ओल्या मऊ फडक्याने तो पुसला, सेन्सर पुन्हा सोडला, आणि दोन अंकी झालेला आकडा एकच्या खाली आला. विहिरीला काहीही झाले नव्हते. महिनाभर सगळे त्या काचेवरच्या शेवाळाची वाढ मोजत बसले होते!

ही चूक निदान आरडाओरडा करणारी होती. याहून वाईट चूक शांत असते. पीएच मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडमध्ये सामू ७ असताना जवळपास शून्य मिलिव्होल्ट विद्युतदाब निर्माण होतो, आणि त्याहून आम्ल वा अल्कली पाण्यात तो शून्याच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला सरकतो. आता काचेच्या पातळ फुग्याला तडा गेला किंवा केबलमध्ये पाणी शिरून दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर दाब शून्यच राहतो आणि यंत्र निर्विकारपणे ७ दाखवते. म्हणजे मेलेला इलेक्ट्रोड सर्वांत समाधानकारक आकडा देतो. मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे की रेष वरखाली होत असेल तर काळजी कमी करा; ती दिवसरात्र सरळ, इस्त्री केल्यासारखी दिसू लागली की विहिरीवर जा. पीएचचा इलेक्ट्रोड ४, ७ आणि १० सामूच्या द्रावणांत बुडवून वेळोवेळी जुळवून घ्यावा लागतो, तो कोरडा पडू द्यायचा नसतो, आणि नीट सांभाळला तरी एक-दोन वर्षांत बदलावाच लागतो. क्लोरीनच्या सेन्सरची पातळ पटले आणि आतला द्रव बदलावा लागतो. त्याच्यासमोरून पाण्याचा ठरावीक प्रवाह वाहत राहिला नाही तर त्याचे वाचन खाली येते. यंत्र बसवण्याच्या खर्चात हे काही धरलेले नसते. सेन्सर म्हणजे एकदा लावून विसरायचा दिवा नव्हे, दुभत्या जनावरासारखे त्याचे रोजचे काहीतरी करावे लागते.

गाळणीकडे वळतो, कारण पाणी शेवटी तीच साफ करते. सेन्सर पाण्याचा एक थेंबही शुद्ध करत नाही. इथेही ‘फिल्टर बसवला’ या दोन शब्दांत खूप काही झाकले जाते. कोणती गाळणी कशावर चालते हे ठरलेले आहे. मंद वाळूची गाळणी, जिच्यातून पाणी तासाला जेमतेम १० ते २० सेंटिमीटर खाली उतरते, ती जंतूंवर विलक्षण प्रभावी असते. वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांची एक साय धरते आणि मुख्य काम तीच करते. ही साय तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून नव्या गाळणीचे पाणी लगेच प्यायचे नसते, आणि स्वच्छतेच्या उत्साहात वाळू खळखळून धुतली तर गाळणी पुन्हा पहिल्या दिवशी येते. एल्ब नदीचे पाणी न गाळता पिणाऱ्या हॅम्बर्गमध्ये १८९२ च्या पटकीच्या साथीत आठ हजारांहून अधिक लोक मेले, तेव्हा लगतचे अल्टोना शहर त्याच नदीचे, तेही हॅम्बर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी वाळूतून गाळून पीत होते आणि बऱ्याच अंशी बचावले. एवढी थोर ही गाळणी; पण फ्लोराइड किंवा नायट्रेट तिच्यातून जसेच्या तसे पार होतात.

फ्लोराइडसाठी सक्रिय ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे, चालते, किंवा नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, विकसित केलेली नळगोंडा पद्धत, ज्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकून गाळ खाली बसवतात. लोह आणि मँगनीज असेल तर पाणी आधी हवेत उसळवून मग गाळावे. आर्सेनिक लोहाच्या संयुगांवर चिकटते. बांगलादेशचे अबुल हुसाम यांची लोखंडाच्या कणांची सोनो गाळणी याच तत्त्वावर असून तिला २००७ मध्ये ग्रेंजर चॅलेंज पुरस्कार मिळाला. नायट्रेटला आयन-विनिमय, म्हणजे नायट्रेट धरून त्याच्या जागी दुसरा आयन सोडणारी राळ, किंवा आरओ. आरओ जवळपास सगळेच अडवते हे खरे, पण अडवलेले सगळे क्षार एकवटलेले पाणी मागे उरते, आणि ते कुठे सोडणार याचा विचार झाला नाही तर ते मुरत मुरत त्याच विहिरीकडे परत येते. पाणी उकळण्याचा सल्लाही सरसकट देऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र पाणी आटल्यामुळे किंचित वाढतेच. अमेरिकेतल्या आयोवामध्ये विहिरीच्या पाण्यावर वाढणारी तान्ही बाळे निळी पडत होती, त्याचा संबंध पाण्यातल्या नायट्रेटशी १९४५ मध्ये जोडला गेला. त्या बाळांच्या दुधाच्या भुकटीसाठी पाणी उकळूनच घेतले जाई.

गाळणीचा मोठा दोष असा की ती दमली हे सांगत नाही. वाळूची गाळणी निदान तुंबते, पाणी येईनासे होते, त्यामुळे लक्ष जाते. ॲल्युमिनाची क्षमता संपली तरी पाणी पूर्वीइतक्याच वेगाने, त्याच चवीचे, तसेच नितळ येत राहते; फक्त त्यातला फ्लोराइड आता अडवला जात नसतो. फ्लोराइडचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. ते ओलांडलेले पाणी पिऊन दातांवर डाग दिसायला आणि हाडे आखडायला वर्षे लागतात, तेव्हा गाळणी संपल्याचे कळते कुणाला? या ठिकाणी सर्वांत उपयोगी ‘स्मार्ट’ यंत्र कोणते असे मला कोणी विचारले, तर मी साधा पाणीमापक म्हणेन. गाळणीतून एकूण किती लिटर पाणी गेले एवढे तो मोजतो. मूळ पाण्यातला फ्लोराइड प्रयोगशाळेतून ठाऊक असेल, भरलेल्या ॲल्युमिनाची क्षमता ठाऊक असेल, तर किती लिटरनंतर ती कॉस्टिक सोडा आणि आम्लाने धुऊन पुन्हा ताजी करायची याचा हिशेब मांडता येतो, आणि मापकाने तो आकडा गाठायच्या आधीच निरोप पाठवावा अशी सोय करणे काहीच अवघड नाही. छायाचित्रात मात्र पाणीमापक शोभून दिसत नाही, हे मान्य करायला हवे.

निरोप गेल्यावर कोण येतो, यावर सगळे अवलंबून आहे. केनियातल्या क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हातपंपांच्या दांड्यावर त्याची हालचाल टिपणारे साधे यंत्र बसवले. ते पाण्याविषयी काहीही मोजत नव्हते, फक्त दांडा हलतो आहे की नाही एवढेच मोबाइलच्या जाळ्यावरून कळवत होते. त्याबरोबर दुरुस्तीसाठी स्वतंत्र पथक नेमले होते. पंप बंद राहण्याचा काळ सरासरी २७ दिवसांच्या आसपास होता, तो ३ दिवसांच्या आत आला. बंद पंपाच्या गावातले लोक तेवढे दिवस पाण्याविना राहत नाहीत, मिळेल त्या डबक्याचे पाणी पितात. म्हणून हा प्रयोग मी पाण्याच्या गुणवत्तेचाच मानतो. पथक नसते तर तीच यंत्रे पंप किती दिवस बंद आहे याची अचूक नोंद ठेवत बसली असती.

तेव्हा योजना आखणाऱ्यांना माझे सांगणे असे की, विहिरीचा कठडा, ओटा, सांडपाण्याचा चर आणि शौचखड्ड्यापासूनचे अंतर आधी नीट करा. त्यावर खर्च कमी आणि फायदा सर्वांत जास्त. त्यानंतर पाण्याची एकदा संपूर्ण रासायनिक आणि जंतुविषयक तपासणी करून घ्या व तिच्यात जे निघेल त्यालाच लागू पडणारी गाळणी निवडा. आधी गाळणी खरेदी करून नंतर पाणी तपासण्याची पद्धत बंद करा. सेन्सर क्लोरीन, गढूळपणा, पातळी आणि गाळणीतून गेलेले लिटर यांच्यावर लावा. इशारा दूरच्या कार्यालयाबरोबरच पाणी सोडणाऱ्या माणसाच्या फोनवर जाऊ द्या, आणि इशारा आला की झडप बंद करण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत टाकी रिकामी झालेली असते. विहिरीपाशी लाल आणि हिरवा असा एक दिवा किंवा पाटी लावा, म्हणजे पाणी भरणाऱ्याला ‘ॲप’ उघडावे लागणार नाही. सेन्सर धुणे, जुळवणे आणि बदलणे यांसाठीचा पैसा पहिल्याच दिवशी, निदान पाच वर्षांचा, बाजूला काढून ठेवा. तो काढता येत नसेल तर सेन्सर कमी बसवा, पण बसवाल तेवढे जिवंत ठेवा.

शेवटी एक विनंती आपल्याला आणि आपल्या वार्ताहरांना. अशा योजनेच्या उद्घाटनाची बातमी जरूर द्यावी, पण सहा महिन्यांनी त्याच विहिरीवर पुन्हा जावे. पेटीवरचा आकडा टिपण्याआधी तिथल्या माणसाला सेन्सर जुळवल्याची वही मागावी. तिच्यात शेवटची तारीख कोणती, त्या दिवशी जुळवण्याआधी आकडा किती होता आणि नंतर किती झाला, हे तिन्ही जागच्या जागी लिहिलेले असेल तर पेटीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. वही नसेल, किंवा तिच्यात प्रत्येक तारखेसमोर तोच एक आकडा असेल, तर तेच बातमीच्या मथळ्यात छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जलपरीक्षक